पट्टी ओली करून काढावी

४ तारीख, मंगळवार
आले एकदाची. स्वतंत्र खोली, मऊ गादी, खिडकीखाली रस्ता. ताईच्या घरी सतरंजीवर झोपणाऱ्या मला हा राजवाडाच. काम एकच, काकूंच्या जखमेची पट्टी बदलणं. ऑपरेशननंतर कमरेवरचे टाके सुटले आणि खोल खड्डा राहिला. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या काकू म्हणाल्या, सगळ्यांचं नीट शिवलं आणि माझंच उसवलं. त्यांचा मुलगा लांब असतो. फोनवर पगार ठरवून तो मोकळा झाला.

५ तारीख
खोल जखम तळापासून भरत यायला हवी. म्हणून सलाईनमध्ये भिजवलेली पट्टी आत सैल भरायची आणि काढतानाही ओली करून काढायची. कोरडी पडली की नवं मांस तिच्यात शिरतं आणि सोडत नाही. नर्सिंग शिकवताना आमच्या सिस्टरबाई म्हणायच्या, मांसाला आपलं-परकं कळत नाही.

काकूंची जखम छान लाल आहे, म्हणजे भरतेय. आधीची मुलगी कुठे गेली, असं विचारलं. म्हणाल्या, इथेच आहे की, तिला कुठे मला सोडवतंय.

९ तारीख
ताईला फोन केला. तिच्याकडे पाहुणे होते, नंतर करते म्हणाली. केला नाही. मग काकूंपाशी बसून तोंडाचा पट्टा सोडला. त्यांनी माझा हात हातात घेतला. असा हात कुणी धरून किती वर्षं झाली. रडूच आलं.

१२ तारीख
विळीवर भाजी चिरताना उजवा तळहात कापला. काकूंनी निरखून पाहिलं, खोल आहे का विचारलं. चेहरा उजळला होता त्यांचा. मला ते आवडलं नाही.

१३ तारीख
पट्टीबरोबर जखमेतून एक नख आलं. नेलपॉलिश लावलेलं. काकू लावत नाहीत, मीही नाही. मुलाला फोन केला. तो म्हणाला, आईकडे कुणी टिकत नाही, तुम्ही तरी राहा. उद्या जाते.

१४ तारीख
बॅग भरली. काकू रडल्या. ठणकतंय, जाण्याआधी जरा हात ठेव, म्हणाल्या. कापलेल्या हातावर हातमोजा चढेना. तसाच जखमेवर ठेवला. ऊब होती. बसल्या बसल्या डोळा लागला —

डाव्या हाताने लिहितेय. उजवा निघत नाही. ओढला की दोघीही ओरडतो. सलाईनची बाटली टेबलावर होती. काकूंनी ती ढकलून —

१५
दुखत नाही आता. त्यांची नाडी माझ्या मनगटात लागते. आत बोटांना बोटं लागली. लांब नखं. तिने माझा हात घट्ट —

१६
कोपरापर्यंत. फोन बॅगेत वाजून वाजून थांबला. आता दार वाजतंय. ताई आहे. पहिल्यांदाच आपणहून आली. पळ म्हणून ओरडायचंय, पण तोंडातून — ये गं आत, दार उघडंच आहे, जरा हात —