चौकोनातली कृष्णाबाई

भरे,
६ नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षास आजीचा आशीर्वाद.

हितं सगळी धड हायेत. म्हशीचा पाय बसला. भात खळ्यावर आलंय. तू तिकडं बंगळूरला वेळेवर जेवत असशील असं मला वाटत न्हाई, म्हणून इचारत बी न्हाई.

परवा फोनवर म्हणलीस, "आजी, कॅमेऱ्यातलं कॉम्प्युटरात घेताना लोकांचं काही हरवू नये, तेच आता माझं काम." बरं झालं. मग माझं ऐक. लिहून धाडतेय, कारण फोनवर तू मधीच तोंड घालतीस.

तुझ्या मशीनला सांग, माल घरात आला नसंल तर आल्यागत दावू नको. आमी भात कणगीत पडल्याबिगर खळं झाडत न्हाई. तुझं मशीन पोत्याचं चित्र दावतं, आन पोतं खळ्यावरच!

उन्हाळ्यात तू वरच्या वाडीतल्या कृष्णाबाईची फिल्म केलीस. बावीस पाखरांचे आवाज काढले तिनं. कॅमेऱ्यातलं ते कार्ड तू कॉम्प्युटरला लावलंस आन अंघोळीला गेलीस. पडद्यावर चौकोनच चौकोन, दर चौकोनात कृष्णाबाई, चोच केल्याली. मला वाटलं, आली बया घरात.

तेवढ्यात नथूचा साहिल आला. "आजी, बारसं हाय, कॅमेऱ्यात घालाय एखादं कार्ड असंल तर द्या की."

मी उपसून दिलं. त्यानं पुसून त्यात बारसं भरलं.

व्हय, मी. तुझ्या भावानं, रोहितनं न्हाई.

तू अंघोळ करून आलीस. चौकोन तिथंच, पर आवाज निघंना. तू भावाला धरलंस. "तुला माझ्या वस्तू उचलायची खोडच हाय!" मी भाकरी थापत व्हते. थापतच ऱ्हायले.

म्हणलं, तू पुन्हा भरून घेशील कृष्णाबाईकडनं. तर गणपतीत तिचं तोंड वाकडं झालं. आता पाणी पिताना बी गळतं. परवा मला बघून शीळ घालाय गेली. नुसता वारा निघाला. मी चहा न घेता परत आले.

भाऊबीजेला रोहितनं आपल्या हातानं पाट मांडला. तू यायची न्हाईस हे माहीत असून. दुपार कलल्यावर त्यानंच उचलला. तवा मी म्हणलं, "ताईला मी सांगते, कार्ड कुणी दिलं ते."

तर म्हणतो, "ऱ्हाऊ दे आजी. मी त्या दिवशी ओट्यावर दात घासत व्हतो. बघितलं मी."

सहा महिने, उत्कर्षा. तुझं ऐकून घेतलं, माझं झाकलं.

मशीन सुधाराय तुला वर्ष लागंल न्हाईतर दोन. ते असू दे. हे वाचलंस की आधी रोहितला फोन लाव. मला काय बोलायचं ते मागनं बोल. मी मधी तोंड घालणार न्हाई.

कार्ड उपसून देणारी,
तुझी आजी
रंभाबाई