इथला माल, तिथला माल

सोमवार, ३ नोव्हेंबर

सुटला माल! आठवडाभर रॉटरडॅमला अडकून पडला होता. बेकरीच्या ओव्हनच्या दाराला लागते ती सिलिकॉनची पट्टी. कापतो आम्ही, जोडतो आम्ही, इथे मिल्टन कीन्सला. पण कच्चा रोल मलेशियाचा, म्हणून युरोपच्या लेखी ती ब्रिटिश नाही. ड्यूटी भरा! ब्रेक्झिटच्या आधी हीच खोकी व्हॅनमध्ये टाकली की दुसऱ्या दिवशी पोचायची. असो. मला जमतं हे.

धाकटा भाऊ निसीम स्टॅनमोरच्या घरून आला तोच तोंड पाडून. म्हटलं, सुटला रे. तर म्हणे, "ताई, दर वेळी तूच सोडवणार का?"

सोडवीन की!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कल्याणीने नवी पट्टी जोडून दाखवली. सांधा शोधून सापडेना. अशी माणसं वर्कशॉपमध्ये आहेत तोवर मला कसली भीती?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हॉलंडमधल्या उट्रेख्तच्या मराइकाचा फोन. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक — डॅडी होते तेव्हापासूनचं. माल उत्तम आहे म्हणाली, पण प्रत्येक खेपेला तिच्याकडच्या एका माणसाचा दिवस कागदांत जातो. जानेवारीपासून युरोपातून बिल आलं तरच घेणार. अगदी मऊ आवाजात बोलली. म्हणूनच जास्त लागलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

निसीमने बेत मांडला. हॉलंडमध्ये, व्हेनलोला छोटी जागा घ्यायची, दोन मशिनं तिकडे न्यायची. इथला माल इथे, तिथला तिथे. नाहीतर मराइकाबरोबर निम्मं काम जाणार, आणि निम्मी माणसंही. कल्याणीसुद्धा. बेत चांगला आहे. मी केला असता तर असाच केला असता.

पण तिकडे कोण जाणार? त्याची मुलं शाळेत. गिऱ्हाइकं ओळखतात मला. आता तिथे राहायलाही परवाना लागतो — ते वकील बघेल म्हणे. मी म्हटलं, आईला एकटी टाकून कशी जाऊ? ऐंशीची आहे ती. निसीमने कागद आवरले. आईचं नाव काढलं की तो माघारच घेतो.

संध्याकाळी आईने आमच्या ज्यू रिवाजाने शब्बाथचे दिवे लावले. तिला यातलं काही बोलले नाही. दुसरा मार्ग काढीन मी. आजवर काढलाच आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

आई एकटी मजेत राहील. बसने बाजारात जाते, ड्रायव्हरशी गप्पा मारते. या वयात मीच तिच्याशिवाय राहू शकत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी आई घरात नव्हती. बाजारात गेली असेल, वाटलं.

वर्कशॉपच्या दाराशी सवयीने हात चौकटीकडे गेला. बोटांना मेझुझा लागलाच नाही — प्रार्थनेची चिठ्ठी असलेली ती दारावरची छोटी डबी. नुसतं लाकूड आणि स्क्रूची भोकं.

आत आई बसली होती. कोट अंगावरच, मांडीवर डॅडींचा स्क्रूड्रायव्हर. बसने एकटी आली होती. निसीमने फोनवर तिला सगळं सांगितलेलं. रुमालात गुंडाळलेला मेझुझा तिने माझ्या हातात ठेवला.

"डॅडींनी हा भायखळ्याच्या दारावरून काढून इथे आणला. तेव्हा त्यांची आईसुद्धा मागे एकटीच राहिली. इथे मी दुसरा लावीन. हा तू तिकडे लाव — आणि माझं नाव पुढे करू नकोस, याएल."