पद्माचा पासपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ. सालमिया, कुवेत

ईशाला शाळेसाठी अमेरिकेचा जुना नकाशा रंगवायचा होता. पश्चिमेकडे नवं राज्य झालं की तिथे गुलाम ठेवायचे की नाही, यावरून तिकडच्या संसदेत भांडणं व्हायची म्हणे. "आई, गुलामगिरी नसलेल्या राज्यात पळालेल्यालाही पकडून मालकाकडे आणायचे," ती म्हणाली. आणि मग सहजच, "पद्माआंटीचा पासपोर्ट आपल्या कपाटात का आहे?"

आमच्याकडे कामाला राहणारी पद्मा तिथेच इस्त्री करत होती. तिचा हात थांबला.

"सांभाळून ठेवलाय," मी म्हणाले. इथे सगळेच ठेवतात. पगार वेळेवर देतो, जेवण आमचंच. पण गेल्या आठवड्यात गावी तिची आई आजारी आहे म्हणून तिने पासपोर्ट मागितला, तेव्हा मी "बघू" का म्हणाले? ती पळून जाईल म्हणून? पळून कशाला, ती नुसती जाईल ना.

आत जाऊन किल्लीने कपाट उघडलं. पासपोर्ट जागेवर होता. केवढं हायसं वाटलं मला. त्याचीच भीती वाटतेय.

वळले तर दारात पद्मा, हातात घड्या. "मॅडम, कपडे रख दूँ?"

मी किल्ली मुठीत लपवली.