पथ्याचा कागद

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर झाला. मी आता गुजरातेत एका बंदरावर आहे. कंटेनरला साखळ्या लावायचं काम. ह्याच्या आधी सुरत, त्याच्या आधी वापी. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तू म्हणायचीस, ती अजून थांबलेली नाही. तुला जाऊन सात वर्षं झाली. तुझं रेशनकार्ड आणि दवाखान्यातला तो कागद तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपला होतास. ती पिशवी माझ्या पेटीत खोलीखोलीतून फिरत राहिली. त्या कागदाचंच सांगायचं आहे. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

तू टॉवेलच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायचीस. आधी उजवा पाय पायडलवर आहे की खाली, तेच तुला कळेना. मग एका डोळ्यापुढं धुरकट झालं. गल्लीतल्या बायका वात म्हणाल्या, तेल चोळून झालं, दोन वर्षं त्यातच गेली. मग मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला आणि डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. नसांवरचं आवरण झिजतं, पुरतं बरं होत नाही, पण सांभाळता येतं, असं म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या आणि खाण्यापिण्याचं विचारायला शेजारच्या खोलीत मॅडमकडं पाठवलं. तिथं बाहेर वीस माणसं. मॅडमनी कागद काढला आणि मराठीतले संपलेत, इंग्रजी चालेल का, असं मला विचारलं. माझ्या आधी तूच बोललीस. "चालतंय की. नववीला हाय माझा पोरगा, समदं वाचतोय." मी नववीला होतो म्हणजे मागच्या बाकावर होतो, आणि तेही कधीमधी. तुला ते ठाऊक नव्हतं का, की ठाऊक असून तू तसं म्हणालीस, हे मला कधीच कळलं नाही. घरी नीट वाचून दाखव, असं मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.

घरी तू भिंतीला टेकून बसलेली, तुझी थोरली, अक्का, चुलीपुढं, आणि दोघी माझ्या तोंडाकडं बघताय. बापू असते तर त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला असता. बारीक छापलेल्या ओळीच्या ओळी होत्या, त्यातलं मला एक वाक्य लागेना. मधले मधले शब्द तेवढे कळत होते, शाळेच्या भिंतीवर चित्रांखाली लिहिलेले असायचे ते. मिल्क. कर्ड. एग. फिश. बनाना. वॉटर. आता तूच सांग, आपल्या घरात दवाखान्याचा कागद म्हणजे काय असतो? मला कावीळ झाली तेव्हा यादी आली ती बंदची, बापूंना साखर निघाली तेव्हा आली तीही बंदचीच. डॉक्टर खाण्याचं नाव घेतो ते खाऊ नका म्हणायलाच. म्हणून मी बोट फिरवत, मास्तरासारखा आवाज काढून वाचलं. दूध बंद. दही बंद. अंडं, मासा, केळं बंद. पाणी बेतानं. अक्का म्हणाली, मग खायचं तरी काय तिनं? तू म्हणालीस, "कागद बोलतोय त्ये ऐकायचं. डागदर काय आपला दुश्मन हाय व्हय?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवलास.

दह्याशिवाय तुझा घास उतरायचा नाही. कडक भाकरीचा चुरा, वर दही, शेंगाचटणी, एवढ्यावर तू दिवस काढायचीस. त्या दिवसापासून तू विरजण लावत राहिलीस ते आम्हा दोघांसाठी, आणि स्वतः चटणी पाण्यात कालवून भाकरी भिजवायचीस. पाणी बेतानं हे तर तुला बरंच वाटलं. मोरीपर्यंत जायला कुणाचा तरी खांदा लागायचा, त्यापेक्षा न पिलेलं बरं, असं म्हणायचीस. पोट चार-चार दिवस साफ होत नव्हतं, तरी तांब्याला हात लावायची नाहीस. होटगीला अक्काच्या सासरी तिच्या पोराच्या बारशाला गेलो होतो, ते मला विसरता येत नाही. वाढणाऱ्या बाईनं तुझ्या ताटात दहीभाताची वाटी ठेवली आणि तू एक घास घेतलास. मी पंगतीतून उठलो, सगळ्यांपुढं ती वाटी उचलली आणि म्हणालो, मरायचं हाय का तुला? तू बायकांकडं बघून हसलीस. "आमचा डागदर हाय ह्यो. खऱ्या डागदरापरीस कडक." बायका हसल्या आणि मला बरं वाटलं, आई. तुझ्या तोंडाकडं मी बघितलंच नाही.

मग मी वापीला गेलो. अक्का तुला होटगीला घेऊन गेली. दर रविवारी फोन करायचो आणि पहिलं विचारायचो, कागदाप्रमाणं चाललंय ना? तू व्हय म्हणायचीस. तुझं बोलणं जड होत चाललं होतं, तरी व्हय मात्र लगेच यायचं. लघवीत जंतू होऊन ताप चढला तेव्हा मी आलो, आणि दवाखान्यातल्या खाटांवर तू कुठली ते मला आधी ओळखू आलं नाही. तिथल्या तरुण डॉक्टरनं तुझा दंड दोन बोटांत धरला आणि विचारलं, ह्या खात काय होत्या? मी सांगितलं, समदं पथ्य पाळलंय साहेब, एक दिवस चुकवलं न्हाय. त्यानं केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या खाटेकडं गेला. चौथ्या दिवशी तू गेलीस.

गेल्या महिन्यात रेशनकार्ड काढताना कागद हाताला आला. खोलीत ओडिशाचा एकजण आहे, त्याचा मोबाईल कागदावर धरला की इंग्रजीचं मराठी दिसतं. गंमत म्हणून धरला. दूध, दही रोज घ्या. अंडं, मासा चालत असेल तर खा. केळं खा. डाळी खा. दिवसभर पाणी प्या, लघवीच्या भीतीनं कमी करू नका. वजन उतरू देऊ नका. थकवा आला तर थोडं थोडं, पण खा. कुठल्याही पथ्यानं हा आजार जात नाही, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून काहीही बंद करू नका. डाळीचा इंग्रजी शब्द मला तेव्हा येत नव्हता, म्हणून तेवढी डाळ तुझ्या ताटात राहिली. मी शाळेत चार दिवस जास्त गेलो असतो तर तीही गेली असती.

दही खाल्लं असतंस तर तू जगली असतीस, असं मी म्हणत नाही. कुणाला विचारू? विचारलं आणि कुणी व्हय म्हणालं, तर मी कुठं जाऊ? तू जे सोडलंस ते उगाच सोडलंस, एवढंच मला कळतं. कामावर साखळी ओढताना मधेच हे आठवतं आणि हात थांबतो, मग मागून शिव्या येतात.

हे पत्र अक्काला पाठवता येईल, तिला मराठी वाचता येतं. पण पाठवणार नाही. परवा तिचा फोन आला होता. तिच्या शेजारणीच्या सुनेला तोच आजार निघालाय. पोर पंचविशीची आहे. अक्कानं तिला तुझं पथ्य पाठ म्हणून दाखवलं. दूध न्हाय, दही न्हाय, अंडं न्हाय, पाणी बेतानं. एक तेवढं तिला आठवत नव्हतं.

"केळं चालतंय का न्हाय रं? कागदात काय हुतं?"

कागद माझ्या मांडीवर होता. मी म्हणालो, चालतंय, रोज एक खा म्हणावं. बरं, म्हणाली. दह्याचं तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.