दुखणं थांबलं तेव्हा

मंगळवार, संध्याकाळ

गेल्या गुरुवारी माझ्या बायकोचं, सुषमाचं, पोट दुखू लागलं तेव्हा मी गावच्या समजुतीने बेंबीची वाटी सरकली म्हणालो आणि तेल लावून चोळत बसलो. दुपारी दुखणं एकदम थांबलं. मी देवापुढे दिवा लावला.

दिवेलागणीला ताप चढला. पनागरहून जबलपूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटल्यावर कधीकधी दुखणं थोडा वेळ असंच थांबतं. मग मी दिवा कशाबद्दल लावला?

ऑपरेशनला आज पाच दिवस झाले. सकाळी तिला सगळं सांगितलं: मी चोळण्यात वेळ घालवला, आणि फुटलं तेव्हा दिवा लावला.

"काहून रडून राहिले? चोळा म्हणून मीच तर मागे लागली होती. चलो, हात द्या, चालायला सांगितलंय."

वॉर्डच्या दारापर्यंत चाललो. तिला आता बरं वाटतंय. पण देवाचे आभार मानायला माझी जीभ रेटत नाही.