गावाचं वय

लान-एर्विन, वेल्स
१९ नोव्हेंबर १९७२

ती. महानंदाक्कास,
चंद्रप्पाचा सा. शरणु.

तुझं मुदखेडचं पत्र मिळालं. देवहाळला औंदा पाऊस न्हाई, बारवेचा तळ दिसून राहिला, हे वाचलं आणि इथं खिडकीवर पडणारी झड बघवेना.

इथलं गाव आपल्या देवहाळाएवढंच. डोंगराच्या कुशीत घरं, पाटीच्या काळ्या दगडाची छपरं. ‘लान’ म्हणजे त्यांच्या देवळाचं आवार. मागं एका संताची विहीर आहे. दुखऱ्या डोळ्यांना तिचं पाणी लावायचे म्हणे. शेजारच्या रानात पुरुषभर उंच दगड उभा आहे. कुणी रोवला, कुणालाच ठाऊक नाही. देवळाच्याही कितीतरी आधीचा. त्या रानाचा मालक आयव्हर नांगर दगडाला वळसा घालून नेतो. म्हातारा माझ्याकडं गुडघे दाखवायला येतो आणि गावाचा इतिहास सांगत बसतो. परवा त्यानं विचारलं, डॉक्टर, तुमचं गाव किती जुनं? मला सांगता येईना. लई जुनं, एवढंच म्हणालो आणि शरमलो.

अप्पांना विचारशील? उन्हाळ्यात इथला करार संपला की मी कायमचाच येतो.

धाकट्यावर माया असू दे, रागावलीस तरी.
तुझा चंद्रप्पा

देवहाळ, ता. निलंगा
२ मार्च १९७३

चि. चंद्रप्पास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अव्वा गेल्यापासून अप्पा एकटे. या दुष्काळात काय शिजवून खातात कोण जाणे, म्हणून मीच इथं येऊन राहिलेय. तुझा प्रश्न वाचून दाखवला. हसले. म्हणाले, तिकडचा म्हातारा पुसून राहिला, आपल्या पोरानं कवा पुसलं न्हाई.

पण ऐक. बारव पार आटली तसा गावानं गाळ काढायला घेतला. तळाच्या पायरीला कोरीव अक्षरं निघाली, जुन्या कन्नडातली. अप्पांना कन्नड येतं, तरी लागेनात. उदगीरहून कॉलेजातले ईश्वरप्पा सर आले, ओलं फडकं फिरवून त्यांनी वाचलं. ही बारव सोमव्वा नावाच्या बाईनं बांधली. हिच्या पाण्याला वाटसरूला कुणी अडवू नये. आठशे वर्षं तरी झाली असतील, म्हणाले.

त्याच आठवड्यात तळाला बारकासा झरा लागला. तलावाच्या दुष्काळी कामावरची परगावची माणसं लेकराबाळांसकट माळावर पडलीत. पाणी गावापुरतंच म्हणून किशनराव पाटलानं त्यांच्या बायकांना हुसकून लावलं. अप्पा बारवेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, जिनं बांधली तिनं काय सांगितलं ते आत्ताच ऐकलं न्हवं? मग? पाटील लई तडकले, आता आमच्याशी बोलत नाहीत. पण घागरी भरल्या. त्यातली चतुराबाई अप्पांच्या पाया पडायला वाकली, तर म्हणाले, माझ्या न्हाई, त्या पायरीच्या पड.

पाऊस झाला की ती पायरी बुडणार. त्याच्या आत ये. आणि लग्नाचं विचारलं की तू पावसाचं लिहितोस, ते कळतंय मला.

लोभ आहे, तो तरी आटू देऊ नको.
अक्का

लान-एर्विन
८ जून १९७३

ती. अक्कास सा. शरणु.

सोमव्वेचं आयव्हरला सांगितलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, आमच्या दगडावर एक अक्षर नाही, तुम्ही नशीबवान.

अक्का, मी येत नाही. हे एवढंसं वाक्य लिहायला लई दिवस लागले. इथले थोरले डॉक्टर वारले. खाणीच्या धुळीनं छाती गेलेली माणसं दरीत जागोजाग आहेत, आणि इकडं यायला दुसरा कुणी तयार नाही. गावानं देवळात जमून मला थांबायला सांगितलं. दोन वर्षं, म्हटलं मी. अप्पांना तू सांग. माझ्याच्यानं होत नाही.

तिकडं ढग आले का?

रागावलीस तरी पत्र थांबवू नको.
चंद्रप्पा

मुदखेड
२२ ऑगस्ट १९८२

चि. चंद्रप्पास अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन-दोन करत किती वर्षं झाली रे? मी मोजणं सोडलंय.

पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. आपलं देवहाळ आता उस्मानाबादेत नाही. अप्पा मुद्दाम एस्टीनं सोहळा बघायला गेले, गुलाल घेऊन परतले. म्हणतात, आता मोठा सरकारी दवाखाना होईल, तिथं डॉक्टर लागतील, चंद्रूला लिही. मी लिहिलं. पुढं तू आणि तुझं मन.

आमची आठवण जुनी होऊ देऊ नको.
अक्का

लान-एर्विन
५ डिसेंबर १९८२

ती. अक्कास सा. शरणु.

दिवाळीला येऊन गेलो, तुला भेटलो, पण निघताना खरं सांगितलं नाही. लातूरला मी चौकशी केली होती. या म्हणाले होते.

अप्पांनी मला सगळं गाव फिरवलं. वेशीतले वीरगळ, महादेवाचं पडकं देऊळ, पाण्यानं भरलेली बारव. सोमव्वेची पायरी कुठं असेल ते काठीनं दाखवलं. जेवताना मी इकडच्या गोष्टी सांगत होतो. सकाळी अप्पा म्हणाले, चंद्रू, राती तू दोनदा ‘आमच्या गावात’ म्हणालास, आणि दोन्ही बारीला ते हे गाव न्हवतं. जा तू. तिकडं माणसं वाट बघत असतील. मी म्हटलं, आणि तुम्ही? म्हणाले, मला सवय हाय.

अक्का, मला थांब म्हणायला हवं होतं त्यांनी. म्हटलं असतं तर थांबलो असतो का, तेही नीट सांगवत नाही.

दुरून का होईना, तुझाच.
चंद्रप्पा

देवहाळ, जि. लातूर
१० फेब्रुवारी १९८३

चि. चंद्रप्पास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. शेवटचं तेवढं गाळलं. त्यांनी ओळखलं, म्हणाले, अजून काहीतरी लिहिलंय त्यानं, वाच. वाचलं.

आता रोज पारावर बसून लान-एर्विनच्या गोष्टी सांगतात, जणू तिथं बैल बांधून आलेत. शाळेतले मास्तर तिकडचं काही चुकीचं बोलले की त्यांनाही दटावतात. काल मला म्हणाले, पासपोर्ट कुठं काढतात? आता जिल्हा झालाय, लातूरला मिळत असंल. मी म्हटलं, अप्पा, त्याला मुंबईला जावं लागतं. म्हणाले, मग जाऊ की.

चेष्टा वाटली मला. पण सकाळी उठून घोंगडं धुऊन वाळत घातलंय. तिकडच्या थंडीला एक पुरंल का दोन लागतील, तेवढं विचारलंय. लवकर लिही.

अक्का