सातवी 'ब'ची पोटदुखी

३ जुलै, सकाळी ७.१०
आजपासून मी शाळेचा 'मनःस्वास्थ्य प्रमुख'. मोठ्या बाईंनी शनिवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत नेमलं. दुसऱ्या कुणीच हात वर केला नव्हता, हा भाग वेगळा. संकल्प: ओरडणं बंद. कान धरणं बंद. मुलांचा मित्र व्हायचं, जी ऐकत नाहीत त्यांचासुद्धा.

३ जुलै, दुपारी
नवी पद्धत सुरू. डब्यातून चिठ्ठी काढायची, नंबर निघेल त्याने उभं राहून उत्तर द्यायचं. नाही आलं तर शिक्षा नाही. फक्त फळ्यापाशी येऊन दहा दीर्घ श्वास, बाकीच्यांनी मोठ्याने मोजायचे. अठरा वर्षांत सायन्सच्या तासाला इतकी शांतता पाहिली नव्हती. मनं शांत होत आहेत.

६ जुलै
सिकरूममधल्या नर्सबाईंनी रजिस्टर दाखवलं. सातवी 'ब'ची पोटदुखी वाढलीय. सोमवारी चार मुलं, मंगळवारी पाच, काल सात. सगळी तिसऱ्या तासाला. तिसरा तास माझा. विज्ञानाचा माणूस, कारण लगेच दिसलं: भूक. तोपर्यंत पोटात कावळे ओरडणारच. नर्सबाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. कौतुक असावं.
लेकही त्याच वर्गात. शाळेत मला 'सर' म्हणते, तसा माझा नियमच आहे. सौ. म्हणाली, पोरगी चार दिवस धड जेवली नाही. मी म्हटलं, वय आहे.

१० जुलै
तिसऱ्या तासाआधी दहा मिनिटं खाऊची सुट्टी मिळवली. पोटदुखी: नऊ. म्हणजे कार्टी भसाभसा खातात.

१३ जुलै
भाषेच्या बाईंशी भांडून तास बदलून घेतला. आता माझा पहिला. पोटदुखीही पहिल्या तासाला सरकली! म्हणजे बसचे धक्के. पण लेक तर माझ्या स्कूटरवर येते, तिचंही दुखतं. स्कूटरचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून घेतले.
मोठ्या बाईंना पुढच्या गुरुवारी रिपोर्ट हवाय. होईल.

१४ जुलै
डब्यातून लेकीचा नंबर निघाला. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. आपपरभाव करणारा माणूस मी नव्हे. उत्तर तिला येत होतं, कालच घरी घडाघडा म्हणून दाखवलं होतं. तिथे तोंडातून शब्द फुटेना. दहा श्वास दिले. मध्येच रडली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी वर्ग मोजेचना. मी एकट्यानेच मोजले.
घरी येताना स्कूटरवर तिने मला धरलं नाही, मागची दांडी धरून बसली. नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर विश्वास बसलेला दिसतो.

१७ जुलै
लेक शाळेत आली नाही. ताप नाही, काही नाही. सौ.ने दुसऱ्या शाळेचा फॉर्म आणून टेबलावर ठेवलाय. मी म्हटलं, बाप मनःस्वास्थ्य प्रमुख आणि पोरगी दुसऱ्या शाळेत, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोकांचं राहू द्या, पोरीला विचारा. विचारणार आहे. रिपोर्ट होऊ दे.

१८ जुलै
लेक आजही घरीच. रिपोर्टाचे आकडे बघून माझ्याच पोटात गोळा आला. सिकरूममध्ये गेलो. तिथे माझ्या वर्गातली सहा मुलं आडवी. मला बघताच ताडकन उठली, बरं वाटतंय म्हणाली, गेलीसुद्धा! नुसत्या उपस्थितीने गुण येतो. रिपोर्टात घालतो. नर्सबाईंनी गोळी दिली आणि उद्या रजा घ्याच म्हणाल्या. जरा जास्तच आग्रह केला.

२० जुलै, सकाळी
काल रजेवर होतो. आज रजिस्टर पाहिलं. कालच्या तारखेला सातवी 'ब'चं एकही नाव नाही. माझा तास भाषेच्या बाईंनी घेतला होता. खाऊ तोच, बस तीच, मुलं तीच. प्रयोगात एकच गोष्ट बदला आणि मग निष्कर्ष काढा, हे मीच शिकवतो.
काल हवा ढगाळ होती. तेही कारण असू शकतं.
मोठ्या बाईंना सांगितलं, रिपोर्टाला अजून दोन दिवस लागतील.

२० जुलै, संध्याकाळी
जेवताना लेकीला विचारलं एकदाचं, पोट कशाने दुखतं. ती ताटाकडे बघत म्हणाली, असंच. मग तिनेच हळूच विचारलं, बाबा, उद्या तुम्ही शाळेत जाणार?
मी म्हटलं, नाही, उद्याही रजा टाकलीय. टाकली नव्हती.
ती म्हणाली, मग मी जाते उद्या. आणि आईपुढे ताट सरकवून आणखी वाढ म्हणाली. सौ.ने माझ्याकडे न बघता वाढलं. मला फार वाईट वाटलं. तसाच समोर बसून राहिलो.
पोटभर जेवली.